दोन गेमबॉय एका तारेवर: लिंक केबलचा प्रोग्राम पायरीपायरीने

गेमबॉय या निन्टेंडोच्या जुन्या हातातल्या खेळयंत्रासाठी स्वतःचे छोटे खेळ लिहिणाऱ्यांची गाडी एका ठरावीक ठिकाणी अडते. एकट्याने खेळायचा खेळ छान चालतो, एम्युलेटरच्या (संगणकावर गेमबॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या) दोन खिडक्या जोडून दोघांचाही चालतो, आणि दोन यंत्रं जोडणारी खरी लिंक केबल लावली की घोळ सुरू होतो. एका पडद्यावर सोंगटी सातव्या घरात, दुसऱ्यावर नवव्या. नाहीतर दोन्ही यंत्रं ढिम्म. मग केबल बदलली जाते, बॅटऱ्या बदलल्या जातात, पोर्ट पुसून होतात. दोष बहुतेक वेळा यातल्या कशातच नसतो, क्रमात असतो: कोणतं रजिस्टर (चिपमधली बाइटभर आकडा ठेवायची जागा) आधी भरलं, कोण कोणासाठी थांबलं, आणि उत्तर नेमकं कधी येणार असं गृहीत धरलं.

असेंब्ली किंवा सी थोडंफार येतं आणि आरजीबीडीएस किंवा जीबीडीके या गेमबॉयचे प्रोग्राम बनवण्याच्या साधनांवर पडद्यावर एखादं चित्र हलवून झालं आहे, असं धरून पुढचं लिहिलं आहे. तेवढं झालं नसेल तर आधी ते करा, नेटवर्किंग त्यानंतर.

## आधी डोक्यात पक्कं करायचं

गेमबॉयच्या केबलवर ‘पाठवणं’ आणि ‘घेणं’ अशी दोन वेगळी कामं नसतात. दर वेळी अदलाबदलच होते. डेटाचं रजिस्टर एकच, एसबी, पत्ता एफएफ०१ (हे पत्ते हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या आधाराने मोजलेल्या आकड्यांत). एका यंत्राच्या एसबीतून एक बिट बाहेर सरकतो, त्याच क्षणी समोरच्याचा एक बिट आत येतो. आठ ठोक्यांनंतर दोघांचे बाइट पूर्ण बदललेले असतात. सर्वांत मोठा बिट आधी निघतो.

हे ठोके दोघांपैकी एकच यंत्र देतं. ते मास्टर, दुसरं स्लेव्ह. मास्टरचं घड्याळ ८१९२ हर्ट्झचं, म्हणजे एका बाइटला साधारण ०.९८ मिलिसेकंद लागतात.

शेजारच्या घरून आलेली वाटी आपण रिकामी परत करत नाही, तसंच इथे आहे: बाइट आला की एक गेलाच. फरक इतकाच, की तुम्ही वाटीत नवं काही घातलं नाही तर आलेला पदार्थच परत जातो. स्लेव्हने एसबी पुन्हा भरला नाही, तर मास्टरला आपलाच मागचा बाइट परत मिळतो. ‘समोरचा माझंच बोलणं परत पाठवतोय’ या तक्रारीचं कारण जवळपास नेहमी हेच असतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मास्टरने प्रश्न पाठवला, तर त्याच अदलाबदलीत त्याचं उत्तर येऊ शकत नाही. त्या क्षणी येतो तो स्लेव्हने प्रश्न वाचण्याआधी भरून ठेवलेला बाइट. खरं उत्तर पुढच्या अदलाबदलीत. म्हणजे तीन प्रश्नांची तीन उत्तरं हवी असतील तर चार अदलाबदली लागतील, आणि चौथीत मास्टरने काहीतरी भरताडीचा बाइट पाठवायचा. हे कागदावर दोन रकाने आखून एकदा लिहून काढा. डावीकडे मास्टरचा बाइट, उजवीकडे त्याच क्षणी निघालेला स्लेव्हचा. हा कागद न करता थेट कोड लिहायला बसलेले लोक पुढे सगळीकडे ‘एकने कमी’ ची ठिगळं लावत बसतात.

## टप्पा १: सामानाची जमवाजमव

दोन गेमबॉय, दोन फ्लॅश कार्ट (स्वतःचा खेळ भरता येईल अशी कार्ट्रिज), एक केबल, एक मल्टिमीटर. फ्लॅश कार्ट महाग पडतात. एकच घ्यायची असेल तर दुसऱ्या टोकाला रास्पबेरी पाय पिको हा छोटा, स्वस्त कंट्रोलर बोर्ड लावून बरंचसं काम भागतं. त्याबद्दल शेवटी.

केबल निवडताना हमखास चूक होते. १९८९ च्या मूळ जाड गेमबॉयचं पोर्ट मोठं आहे, नंतरच्या गेमबॉय पॉकेट आणि गेमबॉय कलरचं लहान. मूळ यंत्र आणि कलर जोडायचे असतील तर दोन टोकं वेगळी असलेली केबल किंवा अ‍ॅडॅप्टर लागेल. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर जुन्या गेमबॉयचे खेळ चालवणार असाल तरी केबल गेमबॉय कलरचीच घ्या. अ‍ॅडव्हान्सची स्वतःची केबल वेगळ्या जोडणीची असते, ती इथे उपयोगाची नाही.

स्वस्त केबल आली की खेळाआधी ती मल्टिमीटरवर चढवा, बीप मोडमध्ये. पोर्टला सहा पिना असतात: १ वर ५ व्होल्ट, २ डेटा बाहेर, ३ डेटा आत, ५ घड्याळ, ६ ग्राउंड. ४ या कामात लागत नाही. तपासायचं ते असं:

– एका टोकाची २ दुसऱ्या टोकाच्या ३ ला, आणि ३ दुसऱ्याच्या २ ला. तारा उलटसुलट असायलाच हव्यात.
– ५ ला ५, ६ ला ६. सरळ.
– १ ला १ बीप वाजता कामा नये. वाजलीच तर ती तार कापा. दोन यंत्रांचे वीजपुरवठे एकमेकांना जोडण्यात काहीही फायदा नाही, नुकसान आहे.

थांबा: आतल्या तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. रंगांचा कोणताही नियम पाळलेला नसतो. पिनच मोजा.

आठ चॅनलचा स्वस्तातला लॉजिक अ‍ॅनालायझर (तारांवरचे शून्य-एक संगणकावर दाखवणारं यंत्र) मिळाला तर जरूर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास असल्या वस्तूंची दुकानं आहेत. तारेवर खरंच काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं, आणि दोन संध्याकाळींचं डोकं खाजवणं वाचतं.

## टप्पा २: एका यंत्राचा बाइट, केबलशिवाय

अजून दुसरं यंत्र नको. केबलही नको.

कंट्रोलचं रजिस्टर एससी, पत्ता एफएफ०२. त्यातला सातवा बिट (मोजणी शून्यापासून) म्हणजे ‘अदलाबदल सुरू’, शून्यावा बिट म्हणजे ‘घड्याळ माझं’. मास्टरने एससीमध्ये हेक्स ८१ लिहायचं, स्लेव्हने हेक्स ८०. पहिला बिट फक्त कलरवर चालतो, वेग वाढवायला. त्याला सध्या हात लावू नका.

१. एसबीमध्ये बाइट लिहा.
२. त्यानंतरच एससीमध्ये ८१ लिहा.
३. एससीचा सातवा बिट शून्य होईपर्यंत थांबा.
४. एसबी वाचा आणि पडद्यावर हेक्समध्ये दाखवा.

पहिल्या दोन पायऱ्यांची अदलाबदल म्हणजे पहिली मोठी चूक. ८१ लिहिताच घड्याळ सुरू होतं. त्यानंतर एसबीला हात लावला तर अर्धा जुना, अर्धा नवा बाइट तारेवर जातो. कधी बरोबर, कधी चूक, आणि शोधायला महाकठीण.

दुसरी चूक तिसऱ्या पायरीत. एससी वाचून त्याची १ शी तुलना करू नका. न वापरलेले बिट वाचताना १ दिसतात, त्यामुळे मूळ गेमबॉयवर काम संपल्यावर तिथे हेक्स ०१ नाही, ७एफ दिसतं. फक्त सातवा बिट तपासा.

तपासा: केबल नसताना एसबीत एफएफ यायला हवं. समोर कोणी नसेल तर आत येणारी रेषा वरच राहते, म्हणून सगळे एक. दुसरं काही आलं तर पुढे जाऊ नका.

याच टप्प्यावर रॉमचं शीर्ष नीट करून घ्या. आरजीबीडीएसमध्ये आरजीबीफिक्स हे साधन लोगो आणि शीर्षाची बेरीज भरून देतं. ती पायरी विसरली तर बरेच एम्युलेटर काही न बोलता खेळ चालवतात आणि खरं यंत्र लोगोवर अडकून बसतं. मग माणूस फ्लॅश कार्टला शिव्या देत बसतो.

## टप्पा ३: इंटरप्ट

मास्टर वाट पाहत बसू शकतो, त्याला एक मिलिसेकंदच थांबायचं असतं. स्लेव्हला तसं जमणार नाही. ठोका कधी येईल हे त्याच्या हातात नसतं, आणि आलाच नाही तर तो अनंतकाळ थांबेल. हार्डवेअरमध्ये कुठलाही टाइमआउट नाही. म्हणून स्लेव्हचं काम सीरियल इंटरप्टमध्येच, म्हणजे बाइट पूर्ण होताच हार्डवेअर चालू काम थांबवून ज्या कोडकडे उडी मारतं त्यात.

इंटरप्ट चालू करायला एफएफएफएफ या पत्त्यावरचा तिसरा बिट. त्याआधी एफएफ०एफ मधला तिसरा बिट पुसून घ्या. जुना, शिळा इंटरप्ट तिथे पडलेला असेल तर पहिलाच बाइट खोटा मिळेल. इंटरप्टचा कोड हेक्स ५८ वर सुरू होतो आणि ६० वर जॉयपॅडचा सुरू होतो, म्हणजे मध्ये जागा फक्त आठ बाइटची. तिथे एक उडी ठेवा आणि खरं काम दुसरीकडे लिहा.

स्लेव्हच्या इंटरप्टमधला क्रम, याच ओळीने:

१. रजिस्टर स्टॅकवर ठेवा.
२. एसबी वाचून बाजूला ठेवा.
३. पुढचा बाइट एसबीत लिहा.
४. एससीत ८० लिहा.
५. आता आरामात आलेला बाइट बफरमध्ये टाका, मोजणी वाढवा, जे असेल ते.
६. रजिस्टर परत घ्या आणि बाहेर पडा.

पाचवी पायरी तिसरीच्या आधी घेण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण ‘आधी आलेलं समजून घेऊ, मग उत्तर भरू’ हे स्वाभाविक वाटतं. इथेच वेळ जातो आणि मास्टरचा पुढचा ठोका दारात येऊन उभा राहतो. उत्तर विचार करून द्यायचं असेल तर ते पुढच्या फेरीत द्या. तो दोन रकान्यांचा कागद याचसाठी.

थांबा: गेमबॉयवर एका इंटरप्टचा कोड चालू असताना दुसरा इंटरप्ट आपोआप बंद असतो, आणि व्हीब्लँकचा (पडद्याचं एक चित्र रंगवून झाल्यावर येणाऱ्या इंटरप्टचा) क्रमांक सीरियलच्या आधी लागतो. तुमचा व्हीब्लँकचा कोड दोन मिलिसेकंद चालत असेल, तर तेवढा वेळ स्लेव्ह बहिरा. संगीत, पडद्यावरच्या ओळी भरणं, गुण मोजणं हे सगळं व्हीब्लँक इंटरप्टमध्ये कोंबण्याची सवय असेल तर ती इथे नडते. त्यात फक्त एक झेंडा उभारा, उरलेलं काम मुख्य चक्रात करा. स्प्राइटांचा डीएमए (हलत्या चित्रांची माहिती हार्डवेअरने एकदम उचलून नेणं) सुमारे १५३ मायक्रोसेकंदांचा असतो, तो चालेल.

## टप्पा ४: मास्टरने दम धरायला शिकणं

मास्टरला वाटतं सातवा बिट शून्य झाला की पुढचा बाइट पाठवायला मोकळा. तो मोकळा असतो, स्लेव्ह नसतो. मास्टरने ८१ लिहिताच अदलाबदल सुरू होते, समोरचा तयार असो वा नसो. मास्टरला थांबवायला या केबलवर वेगळी तारच नाही.

म्हणून प्रत्येक बाइटनंतर मुद्दाम विश्रांती. किती? स्लेव्हवर इंटरप्ट जास्तीत जास्त जितका वेळ बंद राहू शकतो, त्याहून थोडी जास्त. आधी दोन मिलिसेकंदांनी सुरुवात करा. मोजायला एफएफ०४ वरचं डिव्ह रजिस्टर सोपं पडतं. ते सेकंदाला १६३८४ वेळा वाढतं, म्हणजे ३२ ठोके झाले की साधारण १.९५ मिलिसेकंद. कलरच्या दुप्पट वेगात असाल तर ६४ धरा. डिव्ह शून्य करून मोजू नका, कारण त्यात काहीही लिहिलं तरी शून्यच होतं आणि तेच रजिस्टर पुढे आपल्याला यादृच्छिक आकड्यासाठी हवं आहे. आधीचा आकडा ठेवा आणि वजाबाकी करा.

आता हिशेब. बाइट ०.९८ आणि विश्रांती १.९५, मिळून २.९३ मिलिसेकंद. एक फ्रेम, म्हणजे पडद्याचं एक चित्र, १६.७४ मिलिसेकंदांची. म्हणजे फ्रेमला पाच बाइट. आपल्याला चार पुरतात.

काही एम्युलेटर दोन्ही खिडक्यांना एकमेकांसाठी थांबवतात, त्यामुळे विश्रांती नसलेला कोडही तिथे बिनबोभाट चालतो. ‘एम्युलेटरवर चालतं, केबलवर नाही’ याचं पहिलं कारण हेच.

## टप्पा ५: कोण मास्टर?

खेळाडूला ‘तुम्ही मास्टर की स्लेव्ह’ असं विचारणारा मेनू ठेवू नका. दोघंही एकच पर्याय निवडतात.

सोपी पद्धत अशी. सुरुवातीच्या पडद्यावर दोन्ही यंत्रं स्लेव्ह: एसबीत हेक्स ८७, एससीत ८०. ज्याने स्टार्ट दाबलं त्याने एसबीत ६१ आणि एससीत ८१ लिहायचं. त्याला उत्तरात ८७ मिळालं तर तो मास्टर ठरला. समोरच्याला इंटरप्टमध्ये ६१ मिळालं, तो स्लेव्ह ठरला. एकाच अदलाबदलीत निकाल.

६१ आणि ८७ च का? ओळखीचे बाइट निवडताना ००, एफएफ नको. एक ग्राउंडला टेकलेल्या तारेचं, दुसरं रिकाम्या पोर्टचं लक्षण. आणि दोघांमध्ये एकांची संख्या वेगळी हवी. ६१ मध्ये तीन एक, ८७ मध्ये चार. केबल हलली आणि बिट मागेपुढे सरकले, तरी एकाचा दुसरा होऊ शकत नाही. बऱ्याच जणांना ए५ आणि ५ए ही जोडी आवडते, दिसायला सुबक आहे. पण ए५ चार बिटांनी सरकवला की ५ए तयार होतो. नको.

दोघांनी एकदम स्टार्ट दाबलं तर? दोघंही मास्टर, दोघंही घड्याळ देतायत, आलेला बाइट ६१ किंवा काहीतरी कचरा. ८७ सोडून काहीही आलं तर माघार घ्या: पुन्हा स्लेव्ह व्हा, डिव्हचे खालचे पाच बिट घ्या, तितक्या फ्रेम थांबा, आणि तोवर समोरून ६१ आला नाही तर पुन्हा प्रयत्न करा. दोन यंत्रं वेगवेगळ्या क्षणी चालू झालेली असल्याने डिव्ह सहसा वेगळा असतो. सारखा निघालाच तर पुढच्या फेरीत वेगळा होईल.

तपासा: केबल काढून स्टार्ट दाबा. एफएफ येऊन ‘समोर कोणी नाही’ असा संदेश दिसायला हवा. नुसताच काळा पडदा आला तर हा टप्पा अपुरा आहे.

## टप्पा ६: पाकीट बांधणं

आता खरा मजकूर. सरळ जॉयपॅडचा बाइट पाठवला तर पहिली अडचण: काहीच दाबलं नसेल तेव्हा तो ००. म्हणजे ग्राउंडला टेकलेली तार आणि निवांत बसलेला खेळाडू यांत फरक कळत नाही.

म्हणून प्रत्येक बाइटचे वरचे चार बिट खुणेसाठी ठेवा आणि खालच्या चारांत माल भरा. मास्टरचे चार बाइट:

– खूण १, दिशांची चार बटणं
– खूण २, ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट
– खूण ३, फ्रेमचा क्रमांक, ० ते १५ फिरता
– खूण ४, आधीच्या तिन्ही मालांचा एक्सॉर (बिटांची ताळ्याची बेरीज)

स्लेव्हचे तसेच चार, पण खुणा ९ ते १२. वरचा बिट १ असेल तर बाइट स्लेव्हचा. यामुळे मास्टरला आपलाच बाइट परत आला की तो तत्क्षणी ओळखतो. बाइट गळला तर खूण चुकते. बिट सरकले तर बहुधा खूणही चुकते आणि एक्सॉरही. अर्धा बाइट खुणेला ‘वाया’ जातो म्हणून कुरकुर करू नका. ज्या वेगावर आपण आहोत तिथे निदान सोपं होणं जास्त मोलाचं.

स्लेव्हसाठी एक सूक्ष्म जागा. चौथा बाइट संपताच त्याच इंटरप्टमध्ये पुढच्या पाकिटाचा पहिला बाइट भरायचा आहे, पण मुख्य चक्राने तो अजून तयार केला नसेल. दोन बफर ठेवा: एकातून इंटरप्ट वाचतो, दुसऱ्यात मुख्य चक्र लिहितं, पाकीट संपल्यावर अदलाबदल. नवं तयार नसेल तर जुनंच पुन्हा जाईल; फ्रेमचा क्रमांक जुना दिसल्यावर मास्टर समजतो की समोरचा मागे आहे, आणि ती फ्रेम पुढे ढकलतो.

चूक सापडल्यावर काय करायचं हेही आत्ताच ठरवा. माझं मत: दुरुस्तीच्या हुशाऱ्या नकोत. एक पाकीट बिघडलं तर तेच पुन्हा पाठवा. लागोपाठ तीन बिघडली तर दोघांनीही खेळ थांबवून टप्पा ५ वर परत. स्लेव्हने फ्रेम मोजून साधारण सेकंदभर इंटरप्ट आला नाही तर एससीत ० लिहून अदलाबदल सोडून द्यावी, नाहीतर केबल बाइटच्या मधोमध सुटली की तो अर्धवट बाइट धरून बसतो.

## टप्पा ७: दोन्ही पडदे एकसारखे ठेवणं

केबलवरून सोंगटीची जागा पाठवू नका, बटणं पाठवा. दोन्ही यंत्रांवर तोच खेळ, तीच सुरुवात, तीच बटणं; मग निकालही तोच. हे साधायला चार अटी आहेत.

पहिली: स्लेव्हने आपल्या व्हीब्लँकवर खेळ पुढे नेऊ नये. दोन यंत्रांची क्रिस्टलं अगदी तंतोतंत सारखी नसतात, थोड्या वेळात एक फ्रेमचा फरक पडतोच. नवं पाकीट आलं तरच एक पाऊल पुढे. व्हीब्लँक फक्त चित्रासाठी.

दुसरी: आत्ता दाबलेलं बटण याच फ्रेमला लागू करू नका. दोन फ्रेम पुढचं म्हणून पाठवा आणि स्वतःही दोन फ्रेमनंतरच वापरा. स्वतःचं बटण लगेच आणि समोरच्याचं उशिरा, असं केलं की पडदे वेगळे झालेच.

तिसरी: फासा एकच. खेळ सुरू होताना मास्टरने डिव्ह वाचून यादृच्छिक आकड्याचं बीज (ज्यातून पुढचे सगळे फासे निघतात तो पहिला आकडा) पाठवायचं आणि त्यानंतर दोघांनीही डिव्हकडे बघायचं नाही. सापशिडीसारखा आळीपाळीचा खेळ पहिल्या प्रयोगाला उत्तम. फासा बिघडला तर लगेच दिसतो, आणि वेगाची घाई नसते.

चौथी, आणि सर्वांत जास्त रडवणारी: रॅम स्वच्छ करा. यंत्र चालू झाल्यावर रॅममध्ये काहीही असू शकतं. अनेक एम्युलेटर ती नीटनेटकी देतात, त्यामुळे न भरलेलं एखादं चल दोन्हीकडे योगायोगाने सारखं असतं. खऱ्या दोन यंत्रांवर ते वेगळं असतं. प्रोग्रामच्या पहिल्या ओळींतच सगळी कामाची रॅम शून्य करा. एम्युलेटरमध्ये रॅम यादृच्छिक ठेवण्याची सोय असेल तर ती कायम चालू ठेवा.

तपासा: दर ६४ फ्रेमनी दोन्ही यंत्रांनी सोंगट्यांच्या जागा आणि फाशाचं बीज यांची बेरीज पडद्याच्या कोपऱ्यात दाखवावी. शेजारी ठेवून बघा. आकडे जुळत नाहीत त्या क्षणी काय घडलं ते शोधा. दहा मिनिटांनी सोंगट्या भलतीकडे गेल्यावर शोधण्यात अर्थ नाही.

## टप्पा ८: चाचणीचा क्रम

एम्युलेटरवर आधी. बीजीबी हा विंडोजचा एम्युलेटर दोनदा उघडा. उजव्या क्लिकच्या मेनूत लिंक आहे, एकावर ‘ऐक’, दुसऱ्यावर ‘जोड’. एकाच संगणकावर असल्याने पत्ता १२७.०.०.१. हे चाललं म्हणजे तर्क बरोबर, एवढंच सिद्ध होतं. वेळेबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

मग खरी दोन यंत्रं, ताज्या बॅटऱ्या घालून. फ्लॅश कार्ट जास्त वीज खातात आणि अशक्त बॅटरीवर खेळ मध्येच पुन्हा सुरू होतो, तो केबलचा दोष वाटतो. आधी मास्टर कोण ते उलटसुलट करून दोनदा खेळा. नेहमी एकच यंत्र मास्टर असताना बिघडत असेल तर कोडऐवजी ते यंत्र आणि त्याचं पोर्ट बघा. त्यानंतर खेळ चालू असताना केबल उपटा आणि परत लावा. शेवटी विश्रांती कमी करत न्या, २ मिलिसेकंदांवरून दीड, एक, अर्धा, आणि जिथे चुका सुरू होतात त्याच्या दुप्पट आकडा कायम करा.

लॉजिक अ‍ॅनालायझर लावत असाल तर एसपीआय (घड्याळासोबत बिट पाठवण्याची रूढ पद्धत) मोड ३ निवडा: घड्याळ रिकामं असताना वर, बिट उतरत्या कडेला बदलतो आणि चढत्या कडेला वाचला जातो. पल्सव्ह्यू या अ‍ॅनालायझरच्या प्रोग्राममध्ये हे एका मेनूत होतं. दोन्ही डेटा रेषा एकाखाली एक ठेवल्या की तुमचा तो दोन रकान्यांचा कागदच पडद्यावर दिसतो. जुळवून पाहा.

कलरवरचा वेगवान बिट चालू करायचा मोह याच टप्प्यावर होतो, ३२ पट वेग म्हणून. २६२१४४ हर्ट्झवर बाइट सुमारे ३० मायक्रोसेकंदांत संपतो. पण विश्रांती तेवढीच लागते, कारण स्लेव्हचा व्हीब्लँक काही लहान झालेला नसतो. म्हणजे २.९३ चे जेमतेम २ मिलिसेकंद होतात. चार बाइटांच्या पाकिटासाठी त्याचा काही उपयोग नाही.

## टप्पा ९: केबलच्या पलीकडे, घरच्या नेटवर्कवर

एका टोकाला गेमबॉयऐवजी पिको डब्ल्यू (वाय-फाय असलेला पिको) लावला तर केबल वाय-फायपर्यंत लांबवता येते. इथे पहिली अडचण विजेची. गेमबॉय आणि कलरच्या रेषा ५ व्होल्टच्या, पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या, आणि त्यांना थेट ५ व्होल्ट सोसत नाहीत. मध्ये चार चॅनलचा दोन्ही दिशांचा लेव्हल शिफ्टर (५ चे ३.३ आणि ३.३ चे ५ व्होल्ट करणारी पट्टी) हवाच. ‘माझं तर थेट जोडून चाललं’ असं सांगणारे भेटतील. पिको किती दिवस चालला ते विचारा. ग्राउंड आधी जोडा. पिकोला वीज यूएसबीवरून द्या, गेमबॉयच्या पिन १ वरून नाही. ती पिन फक्त शिफ्टरच्या ५ व्होल्टच्या बाजूला.

दुसरी अडचण वेळेची, आणि तिचं उत्तर या टप्प्यातलं सर्वांत उपयोगी आहे. गेमबॉय मास्टर असेल तर तो ठोके देऊन एका मिलिसेकंदात उत्तर मागतो. वाय-फाय तेवढ्यात पोचत नाही. म्हणून दोन्ही गेमबॉय स्लेव्ह ठेवा आणि दोन्ही टोकांचे पिको मास्टर करा. स्लेव्ह ठोक्याची कितीही वाट बघतो, हार्डवेअर तक्रार करत नाही. टप्पा ६ मध्ये ठेवलेली सेकंदभराची मर्यादा तेवढी सैल करा. पुढचा बाइट नेटवर्कवरून हातात आला की मगच पिकोने आठ ठोके द्यायचे.

त्यासाठी टप्पा ५ मध्ये एक भर: पिकोची ओळख म्हणून ६१ ऐवजी तिसरा बाइट ठरवा, आणि तो मिळाल्यावर गेमबॉयने स्टार्ट दाबलं तरी मास्टर व्हायचं नाही. आता दोघंही स्लेव्ह, दोघांच्याही खुणा ९ ते १२. समोरच्या गेमबॉयला देण्याआधी पिकोने त्या १ ते ४ करायच्या. सापशिडीत पहिली चाल कोणाची, हेही पिकोलाच ठरवू द्या.

नेटवर्कवर एकेक बाइट पाठवू नका. पिकोने गेमबॉयकडून चारही बाइट गोळा करून पूर्ण पाकीट एकदम पाठवावं. टीसीपी वापरत असाल तर ‘नोडिले’ हा पर्याय चालू करा, नाहीतर छोटी पाकिटं साचवून पाठवली जातात आणि खेळ अडखळतो. मधलं एक पाकीट समोर पोचेपर्यंत गेमबॉयकडून पुढचं घ्यायचं नाही, म्हणजे क्रम आपोआप राहतो.

घरातल्या घरात राउटर चांगला असेल तर दोन फ्रेमच्या उशिरात, म्हणजे ३३ मिलिसेकंदांत, बसतं. पुण्यातून अमेरिकेतल्या भावाशी खेळायचं असेल तर जाऊन-येऊन दोनशे मिलिसेकंदांच्या पुढे जातं. तिथे धावाधावीचे खेळ विसरा, सापशिडी किंवा बुद्धिबळ घ्या.

घराबाहेर जाताना बऱ्याच जणांचे दिवस राउटरमध्ये पोर्ट उघडण्यात जातात. आपल्याकडच्या अनेक घरगुती जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसतो, कंपनी एकच पत्ता अनेक घरांत वाटते. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या टापूत असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कोणी येऊ शकणार नाही. अशा वेळी भाड्याचा एक छोटा सर्व्हर घ्या, दोन्ही पिको त्याला स्वतःहून जोडू द्या, आणि सर्व्हरने इकडचं पाकीट तिकडे द्यावं.

पिकोवर आणखी एक काम पहिल्या दिवसापासून करून ठेवा: आलेला आणि गेलेला प्रत्येक बाइट वेळेसकट यूएसबीवरून संगणकावर लिहीत राहा. खेळ बिघडला की त्या यादीत खूण चुकलेला पहिला बाइट शोधायचा. त्याच्या आधीची जागा लांबलचक दिसली तर नेटवर्क अडलं. जागा नेहमीचीच असेल तर गेमबॉयने एसबी वेळेवर भरला नाही, म्हणजे परत टप्पा ३ मधला व्हीब्लँक तपासायचा.